सतराव्या खांबाची चाचणी

विश्वास ठेवा अथवा ठेवू नका, पण माझा मामा खोटं बोलत नाही. पत्त्यांतसुद्धा त्याला लबाडी जमत नाही.

घटना भरदुपारची. दलदलीची जागा होती. तिथे शाळा व्हायची होती.

मामाचं काम पायाचं. काँक्रीटचे खांब घणाने जमिनीत ठोकायचे. शेवटच्या दहा घावांत खांब किती उतरला, यावरून तो किती भार पेलेल ते मामा गणित मांडून सांगायचा.

मुकादम मात्र घाव थांबले की खांबाला तळहात लावायचे. एकोणीस वर्षं दोघं बरोबर. मामाच्या कितीतरी चुका त्यांनी गुपचूप निस्तरल्या होत्या.

सतराव्या खांबाला हात लावून ते म्हणाले, "साहेब, हा दगडावर अडलाय. बसलेला नाही."

"तुमच्या हातावर इमारती उभ्या राहत नाहीत," मामा चारचौघांत बोलून गेला.

मुकादम डबा उचलून घरी गेले. आठव्या दिवशी झोपेतच वारले.

माफी मागायची राहिली ती राहिलीच.

मग त्याच खांबाची चाचणी आली. वर वाळूच्या गोण्यांचा ढीग, खाली खांबावर दाब देणारा जॅक, आणि खांब किती दबतो ते दाखवणारी डायल. माणसं जेवायला गेली होती. मामा एकटाच.

निम्मा भार चढवला... सुई शून्यावर.

पूर्ण भार... सुई शून्यावर.

खांब कितीही भक्कम असो, एवढ्या ओझ्याखाली दोन-तीन मिलिमीटर दबतोच.

त्याने डायल बदलली. तेच.

आणि मग... खांबातून श्वास ऐकू आला. ओझं उचललेल्या माणसाचा. मागोमाग तो ओळखीचा कोरडा खोकला.

मामाने पेन उचललं. कागदावर 'पास' लिहिलं असतं, तर कुणी विचारणार नव्हतं. पण उद्या वर पोरं बसणार होती. आणि खाली ते म्हातारं माणूस...

त्याने खांबाला हात लावला. "मुकादम, सोडा आता. माझंच चुकलं."



मग सुई हलली. पाच... वीस... चाळीस... थांबेचना.

मामाने 'नापास' लिहिलं, सही केली आणि हमसून रडला.

शेजारी नवा खांब ठोकला. शाळा उभी आहे, पोरं शिकतायत.

मामा मात्र अजून मला विचारतो, "हात सोडल्यावर ते तिथून निघू शकले असतील ना रे?"