जुन्या हँडलच्या मुठी

ही गोष्ट खरी आहे. ज्यांना पटणार नाही त्यांनी खुशाल आपली वाट धरावी, मी कुणाची मनधरणी करत नाही. घडलं ते माझ्या थोरल्या लेकीच्या घरात घडलं. बरंचसं तिच्या तोंडून ऐकलं. शेवटचं मात्र माझ्या स्वतःच्या हाताला लागलं.

सुरुवात गेल्या उन्हाळ्यातल्या एका शनिवारी, दिवेलागणीला झाली.

थोरलीचं घर म्हणजे वर दोन खोल्या आणि खाली गॅरेज. पुढे लोखंडी शटर, आत ऑइलचा वास, भिंतीवर खिळ्यांना टांगलेले पाने. जावई जुन्या मोटरसायकली नव्यासारख्या करून देतात. इंजिन त्यांचं, रंग थोरलीचा. तिने रंगाची गन फिरवली की पत्र्यात तोंड बघून भांग पाडावा. आई म्हणून नाही सांगत, गिऱ्हाइकं सांगतात.

जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या सजवल्या, आता स्वतःची एक असावी, ही जावयांची हौस. त्या शनिवारी त्यांनी भंगारवाल्याकडून एक जुनाट गाडी ढकलत आणली. गंजलेली, टाकीला पोचे, सीटचा पत्ता नाही.

"हे काय उचलून आणलंत?" थोरली म्हणाली.

"सोनं आहे, सोनं!"

"सोन्याला असा वास येतो होय?"

वास येत होता. कुजका... आणि गोडसर.

जावई म्हणाले, टाकीत उंदीर मेला असेल. झाकण काढून बॅटरी मारली.

उंदीर नव्हता.

टाकी आतून कोरडी ठणठणीत होती.

गाडीचा एकूण एक भाग गंजलेला. पण हँडलच्या रबरी मुठी मात्र काल घातल्यासारख्या. काळ्या, मऊ... आणि हात लावला तर ओलसर.

जुनं रबर धातूला घट्ट धरून बसतं. ओढून निघत नाही. म्हणून गॅरेजवाले कडेच्या फटीतून कॉम्प्रेसरची हवा मारतात. मूठ फुगते आणि सुळकन बाहेर येते. जावयांनी तेच केलं.

मूठ फुगली. आणखी फुगली.

आणि सुटली...

पावसात भिजलेल्या पायातून ओला मोजा ओढावा, तसा आवाज आला. आतून पाणी ओघळलं. दाट, पिवळट. जावयांच्या तळव्यांवरून थेट मनगटापर्यंत. दुसऱ्या मुठीचंही तेच.

दोन्ही मुठींच्या आत काहीतरी पांढरं चिकटलं होतं. पातळ. सुरकुतलेलं.

"ग्रीस आहे," जावई म्हणाले.

"पांढरं?"

"जुनं ग्रीस कसंही होतं गं."

माझी थोरली किळस करणारी बाई नाही. सासरे अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांच्या पाठीच्या जखमा तिने रोज धुतल्या, नाक न मुरडता. म्हणूनच तिला तो वास ओळखू आला. न्हाणीत जाऊन भडाभडा ओकली बिचारी.

"फेकून द्या ते," तोंड पुसत ती म्हणाली.

"डोकं ठिकाणावर आहे का? ओरिजिनल आहेत मुठी!"

हा यांचा रोग. ओरिजिनल म्हटलं की गटाराचं झाकणसुद्धा उशाशी घेऊन झोपतील. जावयांनी जुनं हँडल खिळ्याला टांगलं आणि दोन्ही मुठी त्याच्याच बाजूला तारेत ओवून ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी नवं हँडल निवडायला बसले. एक उंच, एक सपाट, एक खाली वाकलेलं. निवडायची जावयांची स्वतःची पद्धत आहे. गिऱ्हाइकाला गाडीवर बसवायचं, डोळे मिटायला लावायचे आणि सांगायचं, हात पुढे करा, जिथे आपोआप थांबतील तिथे थांबू द्या. उघड्या डोळ्यांनी माणूस तोऱ्यासाठी निवडतो, मिटल्यावर अंगासाठी. त्या मापाने हँडल निवडलं की पाठ दुखत नाही.

आज गिऱ्हाईक ते स्वतःच. माणूस उंचापुरा, दारातून आत आला की दार भरतं. सीटच्या जागी टाकलेल्या फळीवर बसले, डोळे मिटले. थोरली टेप घेऊन पुढे उभी.

हात पुढे आले.

मग खाली गेले...

मग एकमेकांच्या जवळ सरकले... आणखी जवळ... एखाद्या किडकिडीत माणसाने खांदे आवळून धरावेत तसे.

"अहो, चेष्टा पुरे."

"कसली चेष्टा? मस्त रुंद धरलेत. घे माप."

"डोळे उघडा."

त्यांनी उघडले. स्वतःच्या हातांकडे बघून हसायला गेले. हसू अर्ध्यावरच राहिलं.

थोरलीने ते माप खिळ्यावरच्या जुन्या हँडलला लावून पाहिलं.

तंतोतंत.

जावयांनी हट्टाने उंच हँडल बसवलं, वर नव्या कोऱ्या मुठी चढवल्या. विषय संपला म्हणाले.

मग रंगाची पाळी. थोरलीने पत्र्याच्या तुकड्यांवर नमुने मारून उन्हात मांडले. चकचकीत, मॅट आणि दाणेदार.

"मॅट घ्या," ती म्हणाली. "डाग दिसत नाहीत."

"डाग लपवायला मी काय खून केलाय? चकचकीतच. गडद हिरवा."

मडगार्ड, चेनकव्हर, टाकी, सगळं तिने एकाच डब्यातून, एकाच दुपारी मारलं. मडगार्ड सुकले. चेनकव्हर सुकलं.

टाकी नाही.

उन्हात ठेवली, पंख्याखाली ठेवली, दिव्यासमोर ठेवली. टाकी ओलीच. नंतर तिच्यावर साय धरली, तापल्या दुधावर धरते तशी. बोट लावलं की सुरकुती पडायची. आणि बोट काढलं की ती सुरकुती हळूहळू... आपण होऊन... सरळ व्हायची.

माशा बसायला लागल्या. मडगार्डवर एक नाही. सगळ्या टाकीवर.

एकदा थोरलीला उजेडात रंगात केस दिसले. बारीक, काळे. ब्रशचे म्हणावेत तर ब्रश लावलाच नव्हता, रंग गनने मारलेला. तिने चिमट्याने एक ओढला.

तो सहज निघाला नाही. मुळाशी रंग थोडा वर उचलला गेला, आणि सुटल्यावर तिथे पिवळट थेंब आला...

तिने चिमटा टाकला आणि वर पळाली.

इकडे जावयांचे तळवे ओले राहू लागले. कप धरला की कपाला ओल. दाराची कडी ओली. पाने हातातून सटकायचे. जेवताना त्यांनी बशी पुढे केली की बशीवर बोटांचे डाग, चिकट, आणि ते पुसले तरी फडक्याला वास.

थोरलीने मला फोन केला. "आई, ह्यांनी हात लावलेलं मला खाववत नाही गं."

मी म्हटलं, "अगं, नवऱ्याची किळस यायला बाईचा जन्म जातो. तुझं भलतंच लवकर आटोपलं."

ती हसली नाही. माझी लेक, माझ्या टोमण्याला परत टोमणा मारणारी, ती नुसतीच श्वास घेत राहिली.



पुढे तळवे पांढरे पडले. दिवसभर धुण्यात हात घातल्यासारखे, सुरकुतलेले. डॉक्टर म्हणाले बुरशी आहे, मलम दिलं. एका सकाळी जावयांनी टॉवेलला हात पुसले, आणि टॉवेल उचलला तर त्यात पातळ पांढरा पापुद्रा राहिलेला. पाच बोटांसकट.

दुखलं नाही म्हणे. काही कळलंसुद्धा नाही.

काम बंद पडलं. गिऱ्हाइकांच्या गाड्या शटरबाहेर रांगेने उभ्या. त्या घरात जे काही शिजतं ते त्या दोन हातांवर शिजतं. इंजिन खोलणारे हात गेले तर नुसत्या रंगावर कोण जगणार?

"ती गाडी परत करा," थोरली म्हणाली. "आजच्या आज."

"माझी एवढी एक गाडी तुझ्या डोळ्यात खुपते ना?"

"गाडी नाही हो, तुमचे हात! बघा तरी त्यांच्याकडे!"

"औषध चालू आहे."

"औषध हाताला चालू आहे. वास गॅरेजमध्ये आहे."

त्यांच्या हातांना पट्ट्या बांधल्या होत्या. त्या पट्ट्यांनीच दार ढकललं आणि दुपारी डॉक्टरकडे निघून गेले.

थोरली खाली उतरली. शटर अर्धं खाली होतं. टाकी अजून सुटीच, बाकावर पडून होती. रंग काढायचं रिमूव्हर तिने हातात घेतलं. ठरवलं, टाकी उघडी करायची, गाडी होती तशी भंगारवाल्याच्या दारात नेऊन टाकायची. नवरा बोलणं टाकेल तर टाकू दे.

रिमूव्हर लावलं की रंगाला फोड येतात आणि त्याचे तुकडे पडतात. रोजचं काम तिचं.

फोड आले.

पण तुकडे पडले नाहीत. अख्खी साय एकदम उचलली गेली. खालून पत्रा दिसायला हवा होता...

पत्रा दिसला नाही. खाली लालसर, ओलं, बारीक थरथरणारं काहीतरी होतं.

तेवढ्यात मागून आवाज आला.

कर्र...

गाडीच्या हँडलवरचा क्लच. कुणी हात लावला नव्हता, तरी तो सावकाश आत ओढला जात होता. मुठीपर्यंत गेला. सुटला. परत ओढला गेला. नव्या कोऱ्या रबरावर बोटांचे खड्डे उमटत होते, बारीक बारीक बोटांचे. त्या खड्ड्यांतून पिवळं पाणी झिरपून फरशीवर टपकत होतं. आणि ज्याचं कुणाचं ते दाबणं होतं, त्याला ते फार दुखत असावं. दर वेळी क्लच सुटला की श्वास ओढल्यासारखा आवाज यायचा...

तिथे थोरलीला कळलं. शनिवारी जावयांनी मुठी काढल्या नव्हत्या.

कुणाचे तरी हात सोलले होते.

आणि आता ते सोललेले हात नवं कातडं गोळा करत होते.

दुसरी बाई असती तर शटरखालून पळाली असती. माझ्या पोरीने उंच हँडल सोडवून काढलं. खिळ्यावरचं जुनं खाली घेतलं आणि गाडीला बसवलं. मग तारेतल्या मुठी काढल्या. अजून ओल्या होत्या. भिंतीवरून खालपर्यंत त्यांचा पिवळा ओघळ आलेला, आणि त्यावर मुंग्यांची रांग.

मूठ चढवायची तर आधी आत बोट घालून कडा उलगडावी लागते.

तिने डोळे मिटले आणि बोट घातलं.

आत कोमट होतं.

आतलं ते पांढरं तिच्या बोटाला चिकटलं. मग गुंडाळलं गेलं. मग त्याने... अलगद... बोट धरलं. तान्हं मूल धरतं तसं.

ती ओरडली नाही. दात आवळून तिने मूठ हँडलच्या टोकाला टेकवली. जोर लावावाच लागला नाही. मूठ आपण होऊन आत सरकत गेली, कुणीतरी पलीकडून हात घालत असल्यासारखी. दुसरी पण.

क्लच थांबला.

गॅरेजमध्ये एकदम इतकं शांत झालं की वरच्या मजल्यावरचा नळ ठिबकताना ऐकू आला.

थोरलीने फोन केला तसा भंगारवाला हातगाडी घेऊन आला. गाडी पाहिली आणि जागीच थांबला.

"ताई, पुन्हा माझ्याच दारात का ही?"

"पुन्हा म्हणजे?"

त्याने हँडलकडे मान वळवून विचारलं, "मुठी तिच्या तिलाच आहेत ना?"

"आहेत."

"मग हरकत नाही." त्याने मुठींवर गोणपाट टाकलं, टाकी दुसऱ्या गोणपाटात गुंडाळली, मुठींना हात न लावता गाडी चढवली आणि मागे न बघता निघाला. भंगाराच्या माणसाने भाव केला नाही, हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

जावई आले, चिडले, भांडले, थोरलीशी बोलणं टाकलं. ती म्हणाली, टाका. हात वाचू देत, मग हवं तर जन्मभर रुसा.

हात वाचले. कातडं नवं आलं. डॉक्टर म्हणाले आमच्या मलमाचा गुण. पाने पुन्हा फिरायला लागले, शटरबाहेरची रांग कमी झाली. थोरलीने फोनवर सगळं सांगितलं तेव्हा मी म्हटलं, सुटलात बाई. आणि बघून यावं म्हणून चार दिवस राहायला गेले.

त्यांचा जिना उभा आहे. निघायच्या दिवशी मी उतरत होते, तर जावई पुढे आले.

"सावकाश, आई. हात द्या."

मी दिला.

या माणसाच्या मुठीत माझा पंजा हरवायचा. खरखरीत, घट्टे पडलेला हात होता तो. आता जो माझ्या हातात आला तो गार होता. मऊ. लहान. कधी पाना न धरलेल्या, किडकिडीत माणसाचा.

मी पायरीवर भार टाकला.

तळव्याचं कातडं माझ्या हाताखाली पुढे सरकलं... बोटाच्या पेराएवढं... आणि मी भार काढल्यावर सावकाश मागे जाऊन बसलं.

जावई हसतच होते. "जपून हं, शेवटची पायरी उंच आहे." त्यांना काहीच जाणवलं नव्हतं.

मी वर पाहिलं. थोरली जिन्याच्या तोंडाशी उभी होती. त्यांच्याकडे बघत नव्हती. माझ्या तोंडाकडे बघत होती.

"आई," ती हळूच म्हणाली, "तुलाही लागलं ना हाताला?"

मी कुणाचं ऐकून घेत नाही, कुणाला उत्तर दिल्याशिवाय सोडत नाही. माझ्या तोंडाला भिऊन लोक रस्ता बदलतात.

त्या दिवशी माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही.

घरी आल्यावर हात आधी साबणाने धुतला, मग राखेने, मग रॉकेलने. कातडी सोलवटेपर्यंत घासला.

माझी लेक अजून त्याच घरात आहे. दोन्ही वेळा त्याच हातांनी पुढे केलेली बशी घेते... आणि जेवते.