कोऱ्या चहावरची गोळी

बस सुटली म्हनून शालू पवनीच्या स्टँडसमोरच्या मेडिकलात शिरली. नाही तं धनंजय तिले दिसलाच नसता. नेहमीचे काका काउंटरवर नव्हते. त्यायचा भाचा धनंजय होता, नवाच फार्मसी शिकून आलेला. त्याच्या केसायवरून पावसाचं पानी गळून राहिलं होतं... आन डोळे शालूवर.

"भाऊ, मायची शुगरची गोळी द्या. आन डबीतला हा कागद वाचून सांगा. मुंगीच्या पायाएवढी अक्षरं, तेही इंग्रजी."

त्यानं कागदाचा फोटो काढला, मोबाइलमधल्या एआयले म्हनलं, सोप्या मराठीत सांग. एआयनं सांगतलं — गोळी सकाळी चहा-नाश्त्यासोबत घ्यावी.

"झालं काम," तो हसला. "फक्त ते भाऊ नोका म्हनू..."

शालूनं नाक मुरडलं. पन पुढच्या बसमधी तिले उगाच हसू येत राहिलं.

त्याच आठवड्यात ती परत आली, वादळासारखी.

"तुह्या मशीनले अक्कल हाय का? माय चक्कर येऊन धानाच्या बांधीत पडली, चिखलात. बायायनं गूळ चारला तवा डोळे उघडले."

धनंजयचा चेहरा उतरला. "काही खाल्लं नव्हतं का त्यायनं?"

"कोरा चहा पेली न. तुनंच सांगतलं चहासोबत. धानाच्या रोवणीच्या दिवसात पहाटं कोन नाश्ता करते? बाया बांधीवर शिदोरी सोडतेत, दहा वाजता."

तिले वाटलं, आता हा आपल्यासंगं भांडन. पन त्यानं डबीतला मूळ कागद काढला, बोट ठेवून वाचला.

"यात चहा नाहीच. दिवसाचं पहिलं मोठं जेवन लिवलं हाय. चहा मशीननं घुसवला, आन मी ताडून न पाहता तुले देल्ला. चूक माही."

तिच्यासमोरच त्यानं डॉक्टरले फोन लावला, सारं विचारून घेतलं. मंग स्टूल सरकवला. "बस. मायची सकाळ कशी असते, सांग मले."

शालूनं रागारागातच सांगतली. तो टाइप करत गेला. आता मोबाइलवर आलं — पहिल्या पोटभर भोजनासोबत गोळी घ्या, नुसत्या चहावर नको.

"भोजन कोन म्हनते इथं? जेवन लिव."

त्यानं लिवलं. "मशीननं मराठीत केलेले सारे कागद तूच वाचत जा न. तुले समजलं तं गावाले समजन. मी मूळ कागदासोबत ताडत जाईन."

"मले का काम नाही?" ती म्हनली. आन दर बाजाराच्या दिवशी येत गेली.

रोवणी सरली त्या दिवशी ती डबा घेऊन आली.

"मायनं धाडला. म्हने, त्या पोराले दे. रोज फोन करून 'मावशी, जेवल्या का?' विचारते, सोता जेवते का नाही कोन जाने."

धनंजय लाजला.

"माय आता बराबर हाय," शालू डब्याशी चाळा करत म्हनली. "माहं इथं का काम आता..."

त्यानं मोबाइल उलटा ठेवला. "एक सांगू? हे मशीनले नाही विचारलं. तू येत नाही त्या दिवशी... मले करमतच नाही."

शालूनं डब्याचं झाकन उघडलं. भात, लाखोरीची दाळ, वांग्याची भाजी.

"पहिले जेव. उपाशीपोटी असं बोलू नये."

बाहेर कंडक्टरनं घंटी वाजवली.

"तुही बस सुटली न," धनंजय म्हनला.

"सुटू दे."