मंगळवारची प्रत

टेबल रिकामं दिसलं म्हणून तिनं बॅग ठेवली, तोच खालून एक डोकं वर आलं, मागोमाग वायर धरलेला हात.

"इथे मी बसतो."

"मग खाली काय करताय?"

तो हसला... आणि तिचा नव्या ऑफिसातला पहिला दिवस बरा गेला.

सगळे त्याला 'आजोबा' म्हणत. वय एकोणतीस, पण त्याच्या जावास्क्रिप्ट प्रोग्रॅमच्या फाइल्स एकमेकींना अजून जुन्या पद्धतीनं, 'रिक्वायर' म्हणून बोलवायच्या. तिच्या फाइल्स नव्या, 'इम्पोर्ट' म्हणणाऱ्या. दोन्ही एकत्र नांदवायच्या, एवढ्यासाठीच तिला दुसऱ्या शहरातल्या शाखेतून पाठवलं होतं. जमलं, की परत.

आणि जमत नव्हतं. फाइल जुनी की नवी, हे कॉम्प्युटर नावाच्या शेपटावरून ओळखतो. इथे सगळ्यांचं शेपूट एकच, 'जेएस'. एकीची बाजू घेतली की दुसरी रुसायची.

"तुमच्या फाइल्स फार हट्टी आहेत हं."

"मालकावर गेल्यात. तुमच्या कुठे कमी आहेत?"

खरं तर उपाय तिला चौथ्याच दिवशी सापडला होता. त्याच्या चाळीस फाइल्सना 'सीजेएस' हे खास जुन्यांसाठीचं शेपूट लावायचं, की झालं. तासाभराचं काम. पण मग परतीचं तिकीट... म्हणून ती गप्प बसली आणि रोज नवी शंका काढत राहिली. तिला स्वतःची लाज वाटायची, आणि सकाळी ऑफिस गाठायची घाईही व्हायची.

शेवटी साहेबांनी शुक्रवारची मुदत दिली. त्या सकाळी तिनं मनावर दगड ठेवला आणि नावं बदलायला त्याच्या कॉम्प्युटरवर बसली. पाहते तर चाळीसही नावं बदललेली प्रत तिथे तयार. तारीख गेल्या मंगळवारची.

"मंगळवारी?" तिनं विचारलं.

त्याचे कान लाल झाले. "रोज सांगणार होतो... मग तुम्ही एखादी शंका काढायचात, आणि—"

"त्या शंका खोट्या होत्या."

"माहितीये. तुम्हाला एवढंही येत नसेल, हे पटतच नव्हतं."

ती हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. हा माणूस तिला फार आवडला होता.

त्यांनी मिळून प्रोग्रॅम सुरू केला. पहिल्याच फटक्यात चालला. दोघांनाही आनंद झाला नाही.

"संपलं काम," तो हळूच म्हणाला. "आता इथे यायला काही कारणच उरलं नाही तुला."

"तू आहेस की," ती म्हणाली. "पुढच्या शनिवारी येते. स्टेशनवर ये न्यायला."