मावठ्यानंतरचा माळ

पौषातल्या त्या दुपारी कुंदा फुलावर आलेला हरभरा निंदत होती. आभाळ भरून आलं, तरी थंडीतलं आभाळ… जाईल तसंच, असं तिला वाटलं. पण सर आली ती थेट अंगावरच. ती खोपीत धावली, तर तिथे आधीच एक तरुण उभा. स्वतः ओलाचिंब, आणि कोट मात्र दोन लाकडी फळ्यांवर पांघरलेला. पानंफुलं दाबून वाळवायचे टिपकागद होते त्यांत.

चुडामण त्याचं नाव. जळगावच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचा. गेली तीन वर्षं हिवाळ्यात बोदवडला गाडीतून उतरून तो हा बरड माळ तुडवत होता, आणि तिन्ही वर्षं मावठा झालाच नव्हता. या मातीत बारीक बी दडून असतं, तो सांगू लागला. एखाद्या शिडकाव्याला ते फसत नाही. ओल खोलवर गेली, तरच उगवतं, आणि फाल्गुनात माळ फुलतो. बोलता बोलता त्याने तळहात पावसात धरला आणि हसला.

कुंदा शेताकडे बघत होती. हरभऱ्याची फुलं चिखलात गळत होती.

“तुम्हाले हसू कसं येते?” ती हळूच म्हणाली. “तुमची फुलं यायची म्हनून आमची चालली.”

त्याचा हात खाली आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती शेतावर गेली, तर तो तिच्या वडिलांबरोबर, सुपडूआबांबरोबर, साचलेल्या पाण्याला चर खणत होता. दुपारपर्यंत त्याच्या हातांना फोड आले. त्याने मान खाली घालून आबांची माफी मागितली, तेव्हा आबांनाच नवल वाटलं.

“पान्याले काय समजते, भाऊ?” ते म्हणाले. “ते पडते.”

जाताना त्याने कुंदाच्या हाती आपला पत्ता लिहिलेली चार कार्डं दिली. माळावर हिरवं दिसलं तर कळवाल का, असं विचारलं. आणि जरा थांबून म्हणाला, “राग गेला नसेल, तर… नका कळवू.”

आठवडाभराने माळावर हिरवी लव दिसली. दोन दिवस तिने न पाहिल्यासारखं केलं. तिसऱ्या दिवशी लिहिलं – ‘दोन पानं आली.’ मग, ‘आता चार.’ हरभरा पुन्हा फुलला, थोडासाच. तेही तिने तिसऱ्या कार्डावर कळवलं. चौथं हातात घेऊन ती बराच वेळ बसली. शेवटी एकच अक्षर लिहिलं – ‘या.’

फाल्गुनात तो आला. माळावर पाय ठेवायला जागा नव्हती – बोटाएवढी रोपं, पिवळी, जांभळी, वाऱ्याबरोबर थरथरणारी. ऊन तापलं की आठ दिवसांत सगळं संपणार होतं. तरी त्याने टिपकागदांच्या फळ्या उघडल्याच नाहीत.

“फुलं नाही घ्यायची?” तिने विचारलं.

“घेईन. पण मग इथलं काम संपतं.” तो अडखळला. “काम नसताना… येत जाऊ का, कुंदा?”

तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. मान वर न करताच म्हणाली –

“ते आबांले विचारा. आज ते बाजाराले गेले… उद्या घरीच आहेत.”