गेट नंबर चार

शिकवणीची मुलं बाराचा पाढा म्हणत होती आणि विजयमालाबाईंचं चित्त पाढ्यात नव्हतं. मांडीवर पदराखाली ठेवलेला मोबाईल गप्प होता... अजूनही गप्प होता! समोरच्या संस्कृतीनं बारा साती बहात्तर म्हणून टाकलं आणि पुढं निघूनही गेली, तरी बाईंनी हटकलं नाही, तेव्हा सगळी मुलं एकदम थांबली. बाईंच्या कानावरून चूक कधी निसटत नसे. मूल चुकलं की त्या त्याला बोलत नसत, बोटांवर मोजायला लावत आणि त्याचं त्यालाच सापडेपर्यंत शांतपणे वाट बघत. आज मात्र त्या भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होत्या.

त्यांनी मुलांना लवकर सोडलं. अंगणातला कलकलाट फाटकाबाहेर गेला आणि विजयमालानं मोबाईल पुन्हा उघडून बघितला.

पुण्यात फुटबॉलचा सामना सुरू होऊन गेला होता. गरुड क्लबाचा सामना असला की समर्थ वेळेआधी चार नंबरच्या गेटातून आत जायचा, तिथल्या यंत्राला पासाचं कार्ड लावायचा आणि त्याच क्षणी इकडं सावेडीत त्याच्या आईच्या मोबाईलवर दोन ओळी उमटायच्या. 'समर्थ, तुमचं स्वागत आहे. गेट नंबर चार.' एवढंच! पण दोन वर्षं विजयमाला त्या दोन ओळींवर जगत होती. तिचा मुलगा जिवंत आहे, चालता-फिरता आहे, हे तिला सांगणारं जगात दुसरं कुणी नव्हतं.

आणि आज त्या ओळी आल्या नव्हत्या.

समर्थला चेंडूचं वेड लावलं ते खुद्द त्याच्या वडिलांनी. काकासाहेब बेलापूरहून नगरला आले, सावेडीत विजेच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान काढलं, आणि सुट्टीच्या दिवशी पोराला खांद्यावर बसवून लष्करी छावणीजवळच्या मैदानावर जवानांचे सामने दाखवायला नेऊ लागले. ते बघायला पैसे पडत नव्हते. पुढं पोरगा पुण्याला पदविकेसाठी गेला आणि तिथल्या क्लबाचा झाला. मग वर्षाचा पास आला, दर वर्षी बदलणारा शर्ट आला, संघ गोव्याला खेळायला गेला की पाठोपाठ जाणं आलं... आणि एक दिवस कॉलेजातून निरोप आला, की शेवटच्या वर्षाची फी भरलेलीच नाही. फी पास-शर्टात आणि प्रवासात गेली होती.

काकासाहेबांना पैशापेक्षा खोटं बोलणं लागलं. त्या दिवशी त्यांनी पोराला उंबऱ्याबाहेर काढलं आणि मागून धावणाऱ्या बायकोचा हात धरून म्हणाले होते, "त्याला फोन केलास, नायतर त्याचा घेतलास, तर माझं मेलेलं तोंड बघशील."

समर्थनं ते पायरीवरून ऐकलं होतं. तो वळला नाही. त्यानं नंबरही बदलला. बेलापूरच्या भावकीलाही काकासाहेबांनी बजावून ठेवलं, की त्या पोराचं नाव माझ्यासमोर काढायचं नाही.

विजयमालानं कदाचित कधीतरी ती शपथ मोडली असती. पण महिन्याच्या आतच काकासाहेब दुकानात छातीला हात लावून खाली बसले. दवाखान्यात काचेपलीकडं नळ्यांनी वेढलेला तो देह बघताना तिला वाटलं, की मनात नुसता विचार आला तर ही गत, प्रत्यक्ष फोन केला तर काय होईल? त्या दिवसापासून तिच्या मनात भीतीनं जे घर केलं, ते केलंच.

पास काढायला बँक खात्याला जोडलेला नंबर लागे आणि समर्थचं तेव्हा खातं नव्हतं, म्हणून त्यानं आईचा नंबर दिला होता. त्यामुळं तो गेल्यावर आठवडाभरातच पहिल्या दोन ओळी तिच्याकडं आल्या आणि ती मोरीजवळच्या भिंतीला टेकून कितीतरी वेळ रडत राहिली. हा काही फोन नव्हता. यंत्र सांगत होतं, ती वाचत होती. यात शपथ मोडत नव्हती... मोडत नसावी!

वर्ष संपलं तशी पास पुन्हा काढण्याची सूचना आली. दर वाढला होता. मोबाईल रिचार्जच्या दुकानातला ओंकार तिला मावशी म्हणे, तिच्याकडून रोख घेऊन तो पैसे भरून देई. तिनं मुलांची दुपारची दुसरी तुकडी सुरू केली आणि तो वाढीव दर भागवला. पुढच्या वर्षी दर आणखी चढला, वर सेवा शुल्क आलं, आणि चार नंबरच्या बाजूला बसायचं तर क्लबाचा नवा शर्टही पासासोबतच घ्यावा लागेल असा नियम आला. ओंकारनं चकित होऊन विचारलं होतं, की मावशी, एवढ्यात तर घरबसल्या दोन वर्षं टीव्हीवर बघता येईल, हे कोण बघतं तुमच्याकडं? ती नुसती हसली होती. त्या आठवड्यात तिच्या कानातली सोन्याची फुलं गेली आणि तिथं तशीच दिसणारी पिवळी फुलं आली. काकासाहेबांच्या ते ध्यानात आलं नाही.

तिला वाटे, पोरगं तेवढ्यापुरतं तरी सुखात असेल. दोन घटका ओरडत असेल, नाचत असेल... तेवढ्यासाठी हे काही फार नव्हतं.

आणि आता बुधवारचा सामना त्याच्याविना झाला होता. पुढचा रविवारी होता.

ते दिवस तिनं कसे काढले, ते तिचं तिलाच ठाऊक. वर्तमानपत्रात पुण्यातल्या अपघातांच्या बातम्या ती बोट फिरवून वाचायची, त्यात वीस-बावीस वर्षांचा तरुण दिसला की डोळे मिटून घ्यायची, मग धीर करून नाव बघायची. रस्त्यावरून रुग्णवाहिका गेली की तिच्या हातातलं लाटणं थांबायचं. शुक्रवारी ती ओंकारच्या दुकानापर्यंत गेली, समर्थच्या मित्रांपैकी कुणाचा तरी नंबर शोधून दे म्हणायला, आणि दारातूनच परत फिरली. घरी काकासाहेब दुपारचे झोपले होते. त्यांची छाती वर-खाली होते आहे का, हे ती उंबऱ्यात उभी राहून बघत होती... इकडं नवरा, तिकडं मुलगा, आणि मध्ये ती एकटी! कुणाचा जीव पणाला लावायचा?

शनिवारी दुपारी काकासाहेब जेवायला बसले. तिनं ताटाशेजारी त्यांची गोळी ठेवली, पाण्याचा तांब्या ठेवला, आणि वाढता वाढता तिच्या तोंडून शब्द निघून गेले.

"अहो... समर्थची खबर आली नाही."

हे नाव या घरात दोन वर्षांत कुणी उच्चारलं नव्हतं. काकासाहेबांचा घास हातातच राहिला. "कसली खबर?"

मग तिनं सगळं सांगितलं. गेट, यंत्र, दोन ओळी, वाढत गेलेला दर. सांगता सांगता कानातली फुलं काढून तिनं ताटाजवळ ठेवली. "ही खोटी आहेत. खरी विकली. मी फोन केला नाही हो, त्याचाही कधी आला नाही. एवढ्यानं तुमची शपथ मोडली असेल तर मला माफ करा. पण बुधवारपासून माझ्या जिवात जीव नाही."

काकासाहेब उठले. हात न धुता बाहेर गेले. विजयमाला तिथंच बसून राहिली. बाहेरून कसलाच आवाज येईना. पडले तर नसतील? आपण हे काय करून बसलो? दारापर्यंत जायचं धाडस तिला होईना. ती कानांत प्राण आणून ऐकत राहिली, आणि किती वेळानं कुणास ठाऊक, अंगणातला नळ सुरू झाल्याचा आवाज आला.

ते आत आले तेव्हा त्यांचं तोंड ओलं होतं.

"शपथ सुटली," ते म्हणाले. "सुटली म्हनतोय मी. तू बी म्हन, त्याबगर सुटत न्हाई."

तिला हुंदका आवरेना. "सुटली..."

"मला वाटायचं, पोरगं तिकडं मजेत हाय, बाप मेला काय अन् ऱ्हायला काय." ते भिंतीला टेकून खाली बसले. "उद्याच्याला पैल्या गाडीनं जाऊ."

रविवारी तारकपूरच्या स्टँडवरून त्यांनी एस.टी. धरली. सुपा गेलं, शिक्रापूर गेलं. ती खिडकीतून बाहेर बघायची आणि मधूनच त्यांच्या चेहऱ्याकडं. घाम तर आला नाही ना?

मैदानाबाहेर नुसता जनसागर! निळे-केशरी शर्ट, रंगवलेले चेहरे, झेंडे, ढोल. काकासाहेबांनी एका झेंड्याचा भाव विचारला आणि विकणाऱ्याकडं असं बघितलं, जणू त्यानं शेतच मागितलं असावं. चार नंबरच्या गेटापाशी दोघं एका खांबाला धरून उभे राहिले. माणसं कार्ड लावत, यंत्र टुक् करून हिरवं होई, आणि आत जाणारा प्रत्येक पोरगा विजयमालाला पाठमोरा समर्थ वाटे. तो वळला की दुसराच निघे. गर्दी विरळ होत चालली. आत शिट्टी वाजली. सामना सुरू झाला.

तो आला नव्हता.

तेवढ्यात काकासाहेबांनी तिचा दंड घट्ट धरला.

भिंतीच्या कडेला, पाठीवर जेवणाचे डबे पोचवायची चौकोनी पिशवी घेतलेला एक हडकुळा मुलगा उशिरा धावत येणाऱ्यांना एक शर्ट दाखवत होता. जुना, पण जपलेला, छातीवर कुणा खेळाडूची सही असलेला. "घ्या ना दादा, खरी सही हाय. द्या काय द्यायचं ते, फक्त आत जायचंय मला."

"समर्थ..." विजयमालानं हाक मारली.

त्यानं वळून बघितलं. आईला बघून त्याचा चेहरा उजळला आणि पलीकडं वडील दिसताच पांढराफटक पडला. तो दोन पावलं मागं सरला.

"अण्णा, आईनं फोन केला न्हाई. मी पन केला न्हाई. कुणी शपथ मोडली न्हाई."

काकासाहेब पुढं झाले. "सुटली ती, लेकरा. काल सुटली."

मग तो आईच्या कुशीत शिरला आणि लहान मुलासारखा रडला. रडता रडता सांगत होता, की हंगामातल्या शेवटच्या सामन्यांना पास चालत नाही, त्याच कार्डावर वेगळे पैसे भरावे लागतात. बुधवारी यंत्रानं लाल दिवा दाखवला आणि गेटवाल्यानं त्याला बाजूला काढलं. क्लबाची ती सूचना मोबाईलवर आली होती, विजयमालानं नेहमीची जाहिरात समजून सोडून दिली होती. "जवळ पैसे नव्हते. म्हनलं, आईला खबर गेली न्हाई, आता तिला वाटंल मी मेलो. चार दिस झोप न्हाई मला."

"अरे, तुला सामना बघायला मिळावा म्हणून भरत होते मी..."

"कुठला सामना, आई?" तो कसनुसा हसला. "कार्ड लावायचं, दहा मिनिटं थांबायचं अन् मागच्या गेटानं कामावर. आख्खा सामना दोन वर्षांत बघितला न्हाई. पास तू भरतीस हे कळत हुतं. दरवर्षी वाटायचं, आता भरू नये हिनं. अन् भरला न्हाईस तर काय, याची पन भीती वाटायची. पर सांगायचं कसं?"

काकासाहेबांनी टोपी काढून हातात घेतली. "म्हंजी माझ्या एका शब्दाचं भाडं तुमी दोघं भरीत ऱ्हायला," ते हळूच म्हणाले.

मग ते तरातरा तिकिटाच्या खिडकीशी गेले. तीन मागितली. आतल्या माणसानं आकडा सांगितला, काकासाहेबांनी तो त्याला पुन्हा सांगायला लावला, आणि तरी खिशात हात घातला. समर्थनं मागून येऊन तो हात धरला. "नको अण्णा. चहा पाजा."

मैदानाच्या भिंतीला लागून टपरी होती. तिघं बाकड्यावर बसले. वडिलांच्या दुखण्याचं ऐकून समर्थ त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून होता, तो काढायला तयार नव्हता. एवढ्यात भिंतीपलीकडं हजारो गळ्यांचा आवाज वर चढला आणि अर्ध्यातच बसला. विजयमाला दचकली.

"काय झालं रं?" काकासाहेबांनी विचारलं.

"त्यांनी गोल मारला. आपला असता तर ही भिंत हालली असती."

"आपला," काकासाहेब पुटपुटले. कपातला चहा त्यांनी सावकाश संपवला. "मग थांबू की जरा. आपला हुईस्तवर थांबू."

विजयमालानं टपरीवाल्याला आणखी तीन चहा सांगितले.