स्क्रीनबाहेरचं उत्तर

एल्सिरा बारीया अकरावी सूचना लिहीत होती, तेव्हा फोन वाजला.

कास्त्रो गावातल्या तंत्रसंस्थेत ती आठवड्यातून दोन दुपारी शिकवायची. त्या वर्गासाठी ती एक वही तयार करत होती: टेबलावरच्या संगणकासाठी प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना कामाच्या सूचना. त्यात पांडित्य नव्हतं. वीस वर्षांत जिथे जिथे हात पोळले, तिथली एकेक ओळ. वेळखाऊ काम मागे पाठवा, नाहीतर विंडो गोठते आणि माणूस संगणकाला बुक्के मारतो. त्याने 'सेव्ह' म्हणायची वाट बघू नका. त्याने काय केलं ते तो सांगेल, त्यावर विसंबू नका, लॉगमधल्या नोंदी वाचा. अकरावी सूचना अशी होती: विंडो मागच्या वेळी कुठे होती ते लक्षात ठेवा, पण त्या जागी आज स्क्रीन आहे का, हे आधी बघा.

फोन चोंची गावच्या धक्क्यावरून होता. किन्तुल बेटाला जाणाऱ्या लाँचचे कारकून, डॉन एर्मेलिंदो चिग्वाय. लाँच सोडण्याचा प्रोग्रॅम एल्सिरानेच सहा वर्षांपूर्वी त्यांना लिहून दिला होता.

"पोरी, तुझं यंत्र परत रुसलंय," ते म्हणाले. "मधेच थिजतं. चार-पाच मिनिटं हूं की चूं नाही. मग आपोआप सुरू होतं आणि म्हणतं, फेरी रद्द."

"तुम्ही कुठलं बटण दाबता?"

"मी हात मांडीवर ठेवून बसतो. मांडी साक्षीला आहे."

तिने वही मिटली. तसंही तिला त्या दिवशी चोंचीला जायचंच होतं. तिची धाकटी बहीण ओर्फेलिना किन्तुलवर शाळामास्तरीण होती, दाढ काढायला कास्त्रोला आली होती आणि तीनच्या लाँचने परत जाणार होती. गालावर रुमाल धरून ती गाडीत बसली, मांडीवर मिल्काओची, म्हणजे बटाट्याच्या भाकऱ्यांची, पुडी.

"तुझे प्रोग्रॅमही तुझ्यासारखेच," ती सुजलेल्या तोंडाने म्हणाली. "दहादा विचारल्याशिवाय हलायचे नाहीत."

"म्हणूनच तू अजून बुडाली नाहीस."

ओर्फेलिना हसायला गेली आणि कळवळली.

कचेरी धक्क्याच्या टोकाला लाकडी खांबांवर उभी होती. भरती असली की फळ्यांखाली पाणी चपचप वाजायचं, आणि त्या दिवशी भरती होती. आत एक टेबल, एक शेगडी, एक प्रिंटर, एकच स्क्रीन. स्क्रीनच्या उजव्या हाताला खिडकी, तिच्यातून लाँच दिसे. डाव्या हाताला फळ्यांची भिंत. त्या भिंतीपलीकडे काही नव्हतं, फक्त पाणी.

प्रोग्रॅमचं काम साधं होतं. डॉन एर्मेलिंदो प्रवाशांची नावं भरत. मग प्रश्न येई: सगळे चढले? लाँच सोडायची? 'होय' म्हटलं की प्रिंटरमधून चिठ्ठी निघे आणि चिठ्ठी हातात पडल्याखेरीज तांडेल दोर सोडत नसे. नियम लाँच-सहकारी संस्थेचा होता.

एल्सिराने लॉग उघडला. महिन्याभरात दोन फेऱ्या रद्द. दोन्ही वेळा प्रश्न विचारल्याची नोंद होती आणि चारेक मिनिटांनी उत्तराची. उत्तर: नाही.

"प्रश्न मला दिसलाच नाही," डॉन एर्मेलिंदो म्हणाले. "आईशप्पथ."

तिने प्रश्नाच्या विंडोची जागा बघितली आणि तिला हायसं वाटलं. आडवा आकडा वजा तेराशे ऐंशी होता. स्क्रीनची डावी कड म्हणजे शून्य. वजा म्हणजे त्या कडेच्याही डावीकडे. ज्याच्याकडे दोन स्क्रीन असतात त्याच्याकडे हे नेहमी घडतं. विंडो दुसऱ्या स्क्रीनवर ठेवलेली असते, तो स्क्रीन कुणी काढून नेतो, आणि विंडो नसलेल्या जागी उघडत राहते. प्रोग्रॅम थिजत नव्हता. कुणालाही न दिसणाऱ्या प्रश्नाच्या उत्तराची वाट बघत होता. तिचीच अकरावी सूचना, आणि सहा वर्षांपूर्वी तिनेच ती पाळली नव्हती.

"इथे दुसरा स्क्रीन कधी होता?"

"पोरी, इथे दुसरा चहाचा कप ठेवायला जागा नाही."

मग विंडो तिथे नेली कुणी, हा प्रश्न तिने बाजूला ठेवला. आकडे कधीकधी बिघडतात. पण उत्तर दिलं कुणी, हा प्रश्न बाजूला ठेवता येईना. रागाने एखादी कळ दाबली गेली असेल, असं धरून तिने पुढची ओळ वाचली. उत्तर कळीने दिलेलं नव्हतं. क्लिकने दिलेलं होतं. वजा तेराशे बावीसवर. आणि माउसचा बाण कडेला पोचला की तिथेच अडतो. त्याला बाहेर जाता येत नाही.

बाहेरून कुणी शिरलं असेल? कचेरीला इंटरनेट नव्हतं. तरी तिने टेबलाखाली वाकून सगळ्या वायरी तपासल्या. मग डॉन एर्मेलिंदोंची टेप मागितली आणि मोजलं. तेवढं अंतर स्क्रीनच्या कडेपासून छत्तीस सेंटिमीटर भरत होतं. भिंत वीतभरावर होती. म्हणजे क्लिक भिंतीपलीकडे, पाण्यावर झाला होता.

"काय गं?" डॉन एर्मेलिंदोंनी विचारलं.

"काही नाही. त्या दोन दिवशी लाँचला काही झालं होतं?"

"पहिल्यांदा इंजिनाची नळी फाटलेली सापडली. दुसऱ्यांदा काही नाही. नुसत्या शिव्या खाल्ल्या."

तिने दुरुस्ती केली. जागा कुठल्याच स्क्रीनवर नसेल, तर विंडो मधोमध आण. खोटी नावं भरून पाचदा तपासलं. पाचही वेळा प्रश्न समोर आला. पावणेतीन वाजता तिने ओर्फेलिनाला लाँचपर्यंत सोडलं. लाँचमध्ये बावीस माणसं होती. हवा स्वच्छ होती, समुद्र ताटासारखा सपाट.

तीन वाजता डॉन एर्मेलिंदोंनी कळ दाबली. प्रश्न स्क्रीनच्या मधोमध उभा राहिला.

"वा," ते म्हणाले आणि माउसकडे हात नेला.

विंडो डावीकडे सरकली.

झटक्याने नाही. कुणी जड पेटी ओढत नेतं तशी, थांबत थांबत. डॉन एर्मेलिंदोंनी हात मागे घेतला. बाण जिथल्या तिथे होता. विंडोची डावी बाजू कडेआड गेली, मग शब्द गेले, मग 'नाही'चं बटण, शेवटी एक बारीक उभी पट्टी राहिली आणि तीही गेली.

फळ्यांखाली पाणी वाजत होतं.

"तुझी दुरुस्ती," डॉन एर्मेलिंदो हळूच म्हणाले.

चार मिनिटांनी फेरी रद्द झाली. प्रिंटर गप्प. खिडकीतून तांडेल दोन्ही हात उडवून काय झालं म्हणून विचारत होता. त्याच्यामागे ओर्फेलिना गालावर रुमाल धरून बसलेली दिसत होती.

एल्सिराला एकच गोष्ट नीट करता येत होती, ती तिने केली. मांडीवर लॅपटॉप घेऊन प्रोग्रॅममध्ये चार ओळी घातल्या. जो उत्तर देईल त्याला कारणही लिहावं लागेल, कारण दिल्याशिवाय विंडो मिटणार नाही.

"विचारतेयस कुणाला?" डॉन एर्मेलिंदो म्हणाले.

तिने नवा प्रोग्रॅम चढवला. "परत विचारा."

प्रश्न आला. सरकला. गेला.

दोघांनी कीबोर्डकडे बघितलं. तो त्यांच्यासमोर होता, कुणीही हात लावलेला नव्हता.

या वेळी सहा मिनिटं लागली.

मग लॉगमध्ये ओळ उमटली. उत्तर: नाही. कारण: इथे जागा नाही.

डॉन एर्मेलिंदोंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला नाही. एल्सिरा बाहेर गेली आणि तांडेलाला म्हणाली, आज लाँच जाणार नाही. यंत्रात बिघाड आहे.

माणसं उतरली. जे बोलायचं ते बोलली. ओर्फेलिना त्या रात्री एल्सिराकडे राहिली आणि तिच्याकडे पाठ करून जेवली. शेजारच्या बेटाच्या बोटी त्या दुपारी गेल्या आणि सुखरूप परतल्या.

दुसऱ्या दिवशी लाँच-संस्थेचे चिटणीस व्लादिमिर आगिला यांचा फोन आला. "बाई, चाळीस जणांची लाँच. बावीस माणसं. आणि कागदावर कारण काय, तर जागा नाही? मला हसावं की रडावं कळत नाही. तो प्रश्नच काढून टाका."

"काढते," एल्सिरा म्हणाली.

पण तिने काढला नाही. आज वेळ नाही, उद्या बघू, असं दोन आठवडे चाललं. तिचा कशावर विश्वास बसला होता असं नाही. वहीत मात्र ती अकराच्या पुढे गेली नव्हती. त्या दोन आठवड्यांत लाँच वेळेवर सुटत राहिली. प्रश्न मधोमध येई, डॉन एर्मेलिंदो 'होय' म्हणत, कारणाच्या चौकटीत 'सगळं ठीक' लिहीत. ओर्फेलिना एक रात्र वाया घालवून दुसऱ्याच दिवशी बेटावर गेली होती. तिसऱ्या आठवड्यात ती दाढेची जखम दाखवायला पुन्हा आली. या खेपेला ती बसने चोंचीला गेली. "तू येऊ नकोस," जाताना म्हणाली, "तू आलीस की यंत्र बिघडतं."

एल्सिरा वर्गात होती. सव्वातीनला फोन थरथरला. मुलांना एक उदाहरण सोडवायला देऊन ती बाहेर आली.

"पोरी," डॉन एर्मेलिंदोंचा आवाज अगदी शांत होता. "आज परत सरकली विंडो."

"लाँच सोडू नका. माणसं उतरवा."

"ऐक तर. उत्तर 'होय' आलं."

तिने वर्गाचं दार ओढून घेतलं.

"चिठ्ठी छापून झाली. मी कारण वाचेपर्यंत तांडेल ती घेऊन गेला. मी धक्क्यावर धावलो, हाका मारल्या. इंजिनाच्या आवाजात काय ऐकू येणार? रेडिओवर बोलावतोय, उचलत नाही. दहा मिनिटं झाली सुटून."

"कारण काय लिहिलंय?"

त्यांच्या मागे फळ्यांखालचं पाणी ऐकू येत होतं.

"एक जागा झाली आहे," ते म्हणाले.

"डॉन एर्मेलिंदो, आज लाँचमध्ये किती जण आहेत?"

"चौदा. रिकामीच म्हण की. तुझी बहीण पुढच्या बाकावर आहे. एकटी."

तिने फोन ठेवला आणि ओर्फेलिनाचा नंबर लावला. चार वेळा वाजला, पाच वेळा वाजला. सहाव्यांदा तिने उचलला. इंजिनाची धडधड आणि वारा.

"बोल गं," ओर्फेलिना म्हणाली. आवाज नेहमीचा होता, सूज उतरल्यावरचा, आनंदी. "बरी आहे मी. समुद्र एवढा छान आहे ना आज."

"ओर्फेलिना, तांडेलाला जाऊन सांग, आत्ताच्या आत्ता लाँच वळव. ऊठ."

"काय? नीट ऐकू येत नाहीये. एक मिनिट थांब हं." फोन तिने तोंडापासून दूर नेला असावा. तिने कुणाचे तरी आभार मानल्याचं ऐकू आलं. मग ती परत आली.

"हां, बोल," ती म्हणाली. "इथे एक बाई सरकून मला जागा करून देतायत."