अण्णाचा चौथा चौकोन

लाईट येईपर्यंत बसा. वडगावात लाईट गेली की गल्लीतले सगळे माग एकदम थांबतात आणि ती शांतता कानात दुखते. दिवा इथंच राहू दे, आपल्या मध्ये.

काम साधंच होतं. माझा थोरला भाऊ शिवराज, आमचा अण्णा, निपाणीला तंबाखूच्या वखारीत कामाला होता. गेल्या महिन्यात घरी येताना संकेश्वरजवळ हायवेवर गाडीवरून पडला आणि गेला. त्याचे दिवस घालून झाले. स्वरूपावहिनी चिकोडीला माहेरी निघाल्या होत्या. त्या म्हणाल्या, वरच्या खोलीतला कॉम्प्युटर भंगारात जाईल, त्यातलं काही ठेवायचं असलं तर काढून घ्या. दुपारी जेवून मी वर गेलो.

मला काय हवं होतं ते मला ठाऊक होतं. अण्णाची कॉमिकं.

कॉलेजात असताना खडेबाजारातल्या सायबर कॅफेत बसून तो ती करायचा. हातानं चित्र काढता येत नव्हतं त्याला. एका जुन्या व्हिडिओ गेममधले शिपाई तो तसेच उचलायचा, अंगरख्याचे रंग बदलायचा आणि त्यांना आमच्या मागासमोर उभं करायचा. मोठा शिपाई तो, बारका मी. मी सातवीतनं शाळा सोडलेला, पण साडीच्या काठाची नक्षी आलेखाच्या कागदावर घरं भरूनच करतात, त्यामुळे मला ते झटकन कळायचं. नाक एक घर डावीकडं घे, असं मी सांगायचो आणि तो घ्यायचा. गेममध्ये बारक्याची चालायची दोनच चित्रं होती, म्हणून तो कायम लंगडल्यासारखा दिसायचा. अण्णा म्हणायचा, तम्मा, तू खरा बी असाच चालतोस. कानडीत तम्मा म्हणजे धाकटा भाऊ.

चार चौकोनांचं एक कॉमिक. फुकटच्या एका साइटवर तो ती टाकायचा. कुठल्या कुठल्या देशातली पोरं, मराठीचं अक्षर न कळता, खाली हसल्याच्या खुणा टाकायची. आम्ही त्या खुणा मोजत घरी यायचो. पुढं जुना कॉम्प्युटर घरी आला, साइट बंद पडली, अण्णाला काम लागलं, लग्न झालं. उरलं ते त्या डब्यात.

शेवटचं कॉमिक मी कधी पाहिलं नव्हतं. पहिल्या चौकोनात दोघे मागापाशी. दुसऱ्यात मोठा उठलेला. तिसऱ्यात तो दाराशी, फुग्यात लिहिलेलं, "जातो रं. माग बघ." चौथ्यात नुसतं उघडं दार.

मला ते बघवलं नाही. आमच्या धंद्यात ताण्याच्या धाग्यांचा रूळ, म्हणजे बीम, संपला तरी माग मोकळा सोडत नाहीत. जुन्या धाग्यांची टोकं तशीच ठेवतात आणि नव्या बीमाचा एकेक धागा त्यांना गाठ मारून जोडतात. मी पोटासाठी तेच करतो. हात आपोआप चालला. तिसऱ्या चौकोनातला मोठा उचलला आणि चौथ्यात ठेवला, तोंड घराकडं करून.

तेवढ्यात लाईट गेली. पंखा थांबला, खालचे माग थांबले. पडदा मात्र उजळच होता. कॉम्प्युटरच्या यूपीएसची बॅटरी तर कधीच मेलेली. खोलीत ओल्या तंबाखूचा वास आला, अण्णा वखारीतून आल्यावर शर्टाला यायचा तसाच. चौथ्या चौकोनात एक फुगा उमटला. अक्षरं हळूहळू भरत गेली, एकेक घर...

"तम्मा... कशाला बोलवलास रं?"

भीती वाटायला हवी होती. मी रडायला लागलो.

"ऱ्हा की अण्णा..." एवढंच म्हणालो.

जिन्यावर आई आली. दारातच थांबून तिनं वास घेतला. मग माझ्या शेजारी बसली, पडद्यावर तळहात ठेवला.

"शिवू आलाय व्हय?"

मी मान हलवली.

"त्याला म्हण, जेवून जा."

कॉम्प्युटर भंगारात गेला नाही. त्या दिवसापासून रोज एक नवा चौकोन जोडलेला असतो, उघड्या दारात मोठा आणि आत मागापाशी बारका. अण्णा माझ्या चालीवर बोलतो, वहिनींची चौकशी करतो, मागाला तेल दे म्हणून शिव्या देतो. आई वर ताट नेऊन ठेवते. सुख होतं हो ते. खरंच सुख होतं.

मग दारात, अण्णाच्या मागं, आणखी कुणीतरी भरायला लागलं. आधी पाय. मग कंबर. सगळे रंग मी ओळखतो, हा रंग आमच्या कुठल्याच शिपायाचा नाही. मी विचारलं, त्यो कोण रं? फुगा उमटला, "म्हायती न्हाय. तू वढलास तवा माझ्या मागनं आला."

वहिनींना फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, तो चौथा चौकोन पुसा भावजी, त्यांना जाऊ द्या. मी रोज वर जातो. पुसायच्या बटणावर बोट ठेवतो. पुसला की अण्णाही जाईल, म्हणून बोट उचलतो.

काल अण्णानं आमच्याकडं पाठ केली. दोन्ही हात पसरून दारात उभा आहे. त्या गेममध्ये शिपायाचं हात पसरलेलं चित्रच नव्हतं. फुगाही नाही. आज सकाळी बघितलं तर त्याच्या काखेखालून एक हात आत आलाय, आणि बारक्याच्या खांद्यावर आहे.